कृष्णेचं खोरं, सात फ्रेम आणि साडेचार मिनिटं

घाटवेडा_७०

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहकुटुंब महाबळेश्वरला तीन दिवस होतो. घरच्यांना बाजारपेठ आणि स्ट्रॉबेरी, मला केट्स पॉइंटची पहाट, अशी वाटणी निघतानाच झाली होती.

सव्वासहाला कठड्याशी उभा होतो. अंधार, बोटं गारठलेली, खाली काहीच नाही. मग हळूहळू खोरं उमटायला लागलं. डावीकडे जोर गावाच्या बाजूची काळीशार दरी, मग बलकवडी धरणाचं पाणी, समोर कमळगड, त्याच्या उजवीकडे लांब पसरलेला धोमचा जलाशय आणि अगदी उजव्या टोकाला पाचगणीकडे गेलेली डोंगराची सोंड. हे सगळं एका चौकटीत मावत नाही. वाइड लेन्स लावली की मावतं, पण मग कमळगडाचं वारूळ होतं. म्हणून ३५ मिमी लेन्स, कॅमेरा उभा आणि सात फ्रेम जोडून पॅनोरामा, असा बेत.

सात चार झाले असताना डावीकडून सुरुवात केली. तिसऱ्या फ्रेमनंतर माकडाने बॅगेतला बिस्किटाचा पुडा पळवला. त्याच्यामागे बायकोने विणलेली कानटोपीही गेली. ती सोडवून परत ट्रायपॉडपाशी येईपर्यंत पाचगणीच्या धारेवरून सूर्य वर आला होता. उरलेल्या चार फ्रेम उरकल्या. एक्झिफ (फोटोच्या फाइलमधली वेळेची वगैरे नोंद) पाहिला तर पहिल्या आणि सातव्या फ्रेममध्ये साडेचार मिनिटांचं अंतर.

प्रचि (प्रकाशचित्र) १ बघा. सॉफ्टवेअरने इमानदारीत जोडलंय, पण डावा भाग निळसर गार, उजवा तांबूस आणि बरोबर कमळगडावर जांभळट पट्टा, लचक भरल्यावर मलम चोपडावं तसा. शिवाय आकाशात एक गडद ढब्बा आहे, त्याचं कारण मला कळलेलं नाही. कठड्याची नळीही एका जागी तुटलेली दिसतेय, ती प्रत्यक्षात शाबूत होती.

बायको म्हणाली, "ही एक सकाळ नाही, दोन सकाळी आहेत." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात: हे दुरुस्त होईल का, आणि पुढच्या वेळी काय करू?

मोड अॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), एफ ८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटो, फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची). पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावलेला होता.

रोखठोक_रॉ

शेवटच्या ओळीतच निम्मी उत्तरं आहेत, घाटवेडा.

आकाशातला ढब्बा पोलरायझरचा. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सगळ्यात जास्त होतो, सूर्याच्या जवळ आणि बरोबर विरुद्ध बाजूला जवळजवळ शून्य. तुमचा पॅनोरामा १२० अंशांचा. म्हणजे त्यात सगळ्या छटा आल्या आणि तो गडद भाग मधेच दिसला. पॅनोरामात आकाश असेल तर पोलरायझर खिशात.

कठडा तुटला तो पॅरॅलॅक्समुळे, म्हणजे बघायची जागा सरकली की जवळची वस्तू लांबच्यापेक्षा जास्त सरकलेली दिसते. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, फिरायला हवा लेन्समधल्या ज्या बिंदूभोवती फिरवल्यावर ही सरक होत नाही त्याभोवती; त्याला नोडल पॉइंट म्हणतात. पाच किलोमीटरवरच्या डोंगराला याने काडीचा फरक पडत नाही, दोन फुटांवरच्या नळीला पडतो. कॅमेरा मागे सरकवून तो बिंदू साधायची पट्टी, नोडल स्लाइड, घ्या, नाहीतर कठडा फ्रेममधून काढा. दुसरा उपाय फुकट आहे.

आता मुख्य दुखणं. तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका एकात एक मिसळल्या आहेत. एक कॅमेऱ्याची: ऑटो व्हाइट बॅलन्स आणि अॅपर्चर प्रायॉरिटीमुळे प्रत्येक फ्रेमला त्याने वेगळा रंग आणि वेगळं एक्स्पोजर दिलं. ही सुधारते. जोडायच्या आधी सातही रॉ निवडून रंगाचं तापमान एकच ठेवा, ५२०० वगैरे, मग लाइटरूममधलं 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' चालवा, मग जोडा. पैसे खर्चायचे नसतील तर हगिन मोफत आहे, त्यातही फ्रेमफ्रेममधलं एक्स्पोजर जुळवता येतं.

दुसरी चूक काळाची. डावीकडच्या तीन फ्रेममध्ये ऊन पडलेलंच नव्हतं, उजवीकडच्या चारांत पडलं होतं. तिथे सॉफ्टवेअर काय करणार? नसलेलं ऊन ते आणणार कुठून?

थोडा हिशेब सांगतो, पुढच्या वेळी कामाला येईल. आपल्या अक्षांशावर सूर्योदयाआधीची पंचवीसेक मिनिटं उजेड साधारण दर तीनचार मिनिटांना एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने वाढतो. सात फ्रेम तीस सेकंदांत उरकल्या तर फरक एका स्टॉपच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका, तो कोणाला दिसत नाही. साडेचार मिनिटं लावलीत तर एक स्टॉपहून जास्त. आणि सूर्य धारेवर आला की हा हिशेबही मोडतो, कारण तिथे उजेड वाढत नाही, उडी मारतो.

बाकी ठरलेलं: मॅन्युअल एक्स्पोजर, मॅन्युअल फोकस, व्हाइट बॅलन्स ठरावीक, दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक. एक्स्पोजर सगळ्यात उजळ फ्रेमवर ठरवायचं, सावलीचा भाग नंतर रॉमधून वर काढता येतो. आणि सुरुवात उजवीकडून करायची, जिथे उजेड सगळ्यात वेगाने बदलणार तिकडून.

जास्वंदीचं_रोप

माकडाचा फोटो काढला असता तर तो नक्की एका सकाळचा आला असता. 😀

हलके घ्या. कानटोपी मिळाली का?

घाटवेडा_७०

@जास्वंद, मिळाली. बिस्किटं नाही.

@रोखठोक, मनापासून आभार. सातही रॉ एका तापमानावर आणून परत जोडले. प्रचि २ टाकलंय. मलम बरंच पुसलं गेलं, पण कमळगडाच्या डाव्या अंगाला अजून रात्र आहे आणि उजव्या अंगाला दिवस. म्हणजे तुम्ही म्हणता ती काळाची चूक. एक शंका: सूर्य ज्या फ्रेममध्ये आहे तिथे आणि शेजारच्या फ्रेममध्येही लेन्समधली हिरवी टिंबं आलीत, तीही वेगवेगळ्या जागी.

रोखठोक_रॉ

सूर्य सामाईक भागात आला म्हणून. सूर्य एका फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईल अशी आखणी करा आणि त्या फ्रेमपासून दोन्हीकडे मोजत जा. नाहीतर दोन फ्रेमचे दोन फ्लेअर (ती हिरवी टिंबं) आणि जोडताना सॉफ्टवेअरचा गोंधळ.

डिसेंबरात तिथे सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो, म्हणून तो तुम्हाला पाचगणीच्या अंगाला दिसला. जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात क्षितिजावर पन्नास अंशांची ये-जा. तोच पॉइंट, तेच खोरं, पण ऊन कोणत्या सोंडेवर आधी पडणार हे महिन्यावर ठरतं. अर्थात जूनमध्ये तिथे सूर्य दिसला तर मला कळवा, मी पेढे वाटेन.

मोबाइलवाली_मावशी

तुमचं ते एफ ८ आणि नोडल वगैरे मला झेपत नाही. मी फोन उभा धरते, पॅनोरामा लावते आणि फिरते. आमच्या भिशीच्या ग्रुपवर माझ्याच फोटोंना सगळ्यात जास्त अंगठे येतात. पण सूर्याकडून सुरुवात केली की पुढचं सगळं काळं, आणि दरीकडून केली की सूर्याचं नुसतं पांढरं भगदाड. यावर काही आहे का?

रोखठोक_रॉ

आहे, मावशी. बरेच फोन पॅनोरामा सुरू होताना जो उजेड दिसतो तोच धरून शेवटपर्यंत जातात. म्हणून आधी मधल्या उजेडाच्या जागेवर, या ठिकाणी धोमच्या पाण्यावर, बोट दाबून धरा. कुलूप लागलं की टोकाला जा आणि फिरा. सगळ्याच फोनवर पॅनोरामात हे कुलूप टिकत नाही, घरच्या गच्चीवर एकदा करून बघा. आणि स्वतःभोवती फिरा, हात लांब करून फोन फिरवू नका.

ओला_कागद

मी कॅमेरेवाला नाही, जलरंगवाला आहे. वाई आणि मेणवलीच्या घाटावर बसून बरेच कागद वाया घालवलेत, त्या अधिकाराने बोलतो.

जागेवर बसून निसर्गचित्र करणाऱ्याला हा त्रास रोजचा आहे. तुमची साडेचार मिनिटं, आमचा दीड तास. सुरुवात केली तेव्हा घाटाच्या पायऱ्यांची सावली डावीकडे, संपवताना पायाशी. नवखा माणूस समोर जे दिसेल ते रंगवत जातो आणि शेवटी चित्रात दोन सूर्य होतात. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं: बसल्याबसल्या पेन्सिलने सावल्यांच्या कडा आखून टाकायच्या. मग ऊन कुठेही जाऊ दे, आपण त्या कडा सोडायच्या नाहीत. ते जमत नसेल तर मोनेसारखं करायचं. गवताच्या गंज्या रंगवताना, १८९०-९१च्या सुमारास, तो जवळ अनेक कॅनव्हास ठेवायचा. उजेड बदलला की चालू कॅनव्हास बाजूला आणि त्या उजेडाचा दुसरा समोर.

तुमचं चित्र मला दुसऱ्याच कारणाने अडलं. तुम्ही कुठला उजेड धरायला गेला होतात हे मला त्यात दिसत नाही. निळी पहाट हवी होती की पहिलं ऊन? सात चारला, सूर्य धारेवर यायच्या तोंडावर सुरुवात केलीत म्हणजे ते तुम्ही ठरवलेलं नव्हतं. माकड आलं नसतं तरी चित्र असंच अधांतरी झालं असतं, फक्त जोड दिसला नसता.

घाटवेडा_७०

कागदराव, हे लागलं. खरं सांगायचं तर सव्वासहापासून सात चारपर्यंत मी "आता अजून छान होईल" म्हणत नुसता उभा होतो.

नियमावर_बोट

चर्चा चांगली चाललीय, पण एक मूलभूत प्रश्न. हल्ली लोक ट्रायपॉड न हलवता अर्धा तास फोटो काढतात, मग संगणकावर एका फोटोतलं आकाश, दुसऱ्यातलं ऊन आणि तिसऱ्यातलं धुकं मास्क लावून (नको तो भाग झाकून) एकत्र करतात. त्याला काय म्हणायचं? माझ्या मते ते प्रकाशचित्र नव्हे. घाटवेडांचं बिघडलेलं प्रचि १ त्याहून प्रामाणिक आहे.

रोखठोक_रॉ

सात फ्रेम शिवल्या तिथेच 'एक क्षण' संपला, राजे. मग तीस सेकंदांची शिवण प्रामाणिक आणि तीस मिनिटांची लबाड, ही रेघ कोण मारणार?

नियमावर_बोट

रेघ आहे. तीस सेकंदांत जे शिवलं ते तिथे उभ्या असलेल्या माणसाला दिसलं असतं. सहा चाळीसचं आकाश आणि सव्वासातचं ऊन एकत्र कोणालाच दिसलं नसतं.

ओला_कागद

आमच्याकडे याला 'कंपोझिशन' म्हणतात आणि त्याचे मार्क मिळतात. 😀 पण कॅमेऱ्याच्या बाबतीत नियमावर_बोट यांचं मला पटतं. बघणारा फोटोकडे वेगळ्या भरवशाने बघतो. मिसळायचं असेल तर खाली तसं लिहावं, विषय संपला.

सांजपक्षी

सगळे पहाटेच्याच मागे का? केट्स पॉइंटवर संध्याकाळी जा. सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे समोरच्या पूर्ण रुंदीवर उजेड जवळपास सारखा. जोडाचं दुखणंच नाही. लोक म्हणतात पाठीमागून ऊन आलं की चित्र सपाट होतं. चारपर्यंत होतं, कबूल. पण पाचनंतर आपण ज्या डोंगरावर उभे आहोत त्याचीच सावली खोऱ्यात उतरते. आधी बलकवडीचं पाणी विझतं, मग शेतं, मग ती सावली कमळगडाच्या अंगावर चढायला लागते आणि शेवटी फक्त त्याचा माथा पेटलेला राहतो. एक दिवस त्या सावलीच्या काठाला अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. फोटो एकही काढला नाही, याचा पश्चात्तापही आहे.

अवांतर: केट्स पॉइंटचं जुनं नाव नाके खिंड. केट म्हणजे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याची मुलगी. नाके खिंड मला जास्त आवडतं.

कोयनेचा_काठ

+१. वाचनखूण साठवली.

धोमकाठ

मी खालचा आहे. म्हणजे तुमच्या फोटोत जे पाणी आहे त्याच्या काठचा. वरनं फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या रोज बघतो, त्यामुळं थोडं खालनं सांगतो.

तुम्ही म्हणता धुकं, आम्ही म्हणतो धुई. पाऊस गेल्यावर, आकाश मोकळं आणि वारा पडलेला असला की रात्री डोंगरावरची गार हवा घरंगळत खोऱ्यात उतरते. खाली धरणाचं पाणी त्या मानानं कोमट. पाण्याची वाफ त्या गारव्यात सापडली की सकाळी धुई धरते. वर महाबळेश्वरात लख्ख असतं आणि खाली आम्हाला समोरची म्हैस दिसत नाही. ऊन खोऱ्यात उतरलं की आठ-नऊपर्यंत फाटते. आदल्या संध्याकाळी वारा असला तर पहाटे उठून जायची तसदी घेऊ नका.

महिन्याचं म्हणाल तर आक्टोबर-नोव्हेंबर. हवा धुतलेली, धरण भरलेलं, उतारांवर अजून हिरवं. डिसेंबर-जानेवारी धुईसाठी. मार्चनंतर वणवे लागतात, सगळं खोरं धुरकट, आणि मे महिन्यात पाणी खाली जाऊन काठाला तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. तेव्हा वरनं कोणी फोटो काढत नाही.

आणि एक. कमळगडावर जा. तुम्ही सगळे त्याचा फोटो काढता, त्याच्यावरनं उलटा काढत नाही. वर कावेची विहीर आहे, पायऱ्यांनी उतरत जायचं, आत भिंती लाल गेरूच्या. माथ्यावर आलात की एका अंगाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या अंगाला वाळकीचं.

घाटवेडा_७०

धोमकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. जानेवारीच्या शेवटी एकटाच एसटीने गेलो. घरी "कानटोपी सांभाळ" एवढाच निरोप मिळाला.

यावेळी आधी ठरवलं: पहिलं ऊन, दुसरं काही नाही. आदल्या संध्याकाळी कठड्यावर ओलं बोट धरून वारा बघितला. नव्हता. ट्रायपॉडचं डोकं नव्हे, बूड पाणसळीत आणलं (हे कोणी सांगितलं नव्हतं, डोकं सरळ आणि बूड तिरकं असलं की फिरवताना क्षितिज कसं घसरतं ते मागच्या वेळी भोगलंय). कठडा फ्रेमबाहेर. पोलरायझर घरी. अंधारातच तीनदा रिकामी फेरी मारून सरावाने सात फ्रेम बावीस सेकंदांवर आणल्या.

आणि खोरं नव्हतं! धुईने काठोकाठ भरलेलं, मधे कमळगडाचा माथा आणि लांब पांडवगडाचं टोक, बाकी पांढरं. धोम नाही, बलकवडी नाही. ज्या पाण्यासाठी गेलो ते झाकलेलं. वर ती धुई हलत होती. एका फ्रेममध्ये जी लाट सोंडेच्या अलीकडे, ती पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे. बावीस सेकंद तिथेही जास्त होते. पहिल्या तीन संचांत सामाईक भागात लाटा दुहेरी आल्यात.

सव्वासातच्या सुमारास ऊन तिच्यावर आडवं आलं तेव्हा मी पाचवा संच घेत होतो. तोच प्रचि ३. सात फ्रेम, एकोणीस सेकंद, उजवीकडून डावीकडे. मास्क नाही. डाव्या टोकाला जोरच्या बाजूला अजून सावली आहे, पण ती खरी सावली आहे, तिथे तेव्हा ऊन पोचलंच नव्हतं. जोडलेली फाइल कापून १८००० बाय ५००० पिक्सेल भरते. छापली तर पाच फूट रुंद. भिंत तेवढी नाही, ही वेगळी अडचण.

ओला_कागद

आता एक सूर्य आहे.

रोखठोक_रॉ

पाचव्या-सहाव्या फ्रेमच्या जोडावर, खालच्या बाजूला, धुईची एक कड अजून दुहेरी आहे. १०० टक्क्यांवर बघा. हगिनमध्ये त्या दोन फ्रेमपैकी एकीचा तेवढा भाग वगळता येतो. बाकी उत्तम.

नियमावर_बोट

ते वगळणं चालेल का, यावर मी विचार करतोय.

मोबाइलवाली_मावशी

मी बोट दाबून धरते आहे, घाटवेडा. गच्चीवरून पर्वती आणि सिंहगड एका फोटोत आले, दोन्ही दिसतात!

धोमकाठ

फोटो चांगला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेमच्या मधे, धुईच्या खाली, आमचं जुनं गावठाण आहे. धरणात गेलं. मी नव्हतो तेव्हा, आजोबा सांगायचे. पाणी फार उतरलं तर मे महिन्याच्या शेवटी घरांची जोती उघडी पडतात, दरवर्षी नाही. आमची चुलत मंडळी लांबनं येऊन बघून जातात.

वरनं कळणार नाही, धूर असतो. यायचं असेल तर खाली या, काठावर.

घाटवेडा_७०

येतो. सकाळी येऊ की संध्याकाळी?

धोमकाठ

आदल्या रात्रीच या. ओसरीवर झोपायची सोय आहे, माकडं नाहीत. पाच फुटांचा छापलात तर एक आम्हालाही आणा, ग्रामपंचायतीची भिंत मोठी आहे.